जळगावचं मूळ, धुळ्याची अक्षत

जळगाव, ५ एप्रिल २०२३

सौ. रूपाक्का हिस, मुक्काम धुळे,

तुझ्या सरकारविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. आमच्या फ्रिजमध्ये पाण्याची एकही बाटली मावत नाही. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि घरात तुझा भाऊ, तुझी भावजय किरण आणि दोन पाहुणे कोमट पाणी पीत बसलेत. कारण फ्रिजमध्ये तू पाठवलेलं टरबूज आहे. त्याचा आकार पाहता ते फळ म्हणून आलं नसून राजदूत म्हणून आलं असावं.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, सतरा दिवसांवर आली. काल मी तुला आणायला गाडी पाठवली. एसी गाडी, स्वच्छ सीट, ड्रायव्हर हनीफ, जो आयुष्यात कोणाला कट मारत नाही. गाडी संध्याकाळी परत आली. मी आणि किरण ओट्यावर उभे. मागचं दार उघडलं, तर सीटवर टरबूज. आणि त्याला सीटबेल्ट लावलेला.

हनीफनं दिलेला वृत्तांत तुझ्या माहितीसाठी पुढे देतो. तू नाकारशील, पण तो रोज्याच्या दिवसांत खोटं बोलणार नाही.

"अक्का बाहेर आल्या. म्हणाल्या, गाडीमा कोन बसेल शे? मी म्हटलं, कोणी नाही, तुम्हालाच बसायचंय. अक्का म्हणाल्या, मंग कोनी नई, त्यालेच लई जा. आत गेल्या, टरबूज घेऊन आल्या. भाऊ, बेल्ट त्यांनी स्वतः लावला. दोनदा ओढून बघितला."

नव्वद किलोमीटर हा गृहस्थ आरशात मागे बघत आला. पारोळ्याला त्यानं काच थोडी खाली केली म्हणे, पाहुण्याला गरम होत असेल म्हणून.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, म्हणजे दोन देशांमधले दूतावास बंद. तेव्हा पोस्टानं विचारतो: याचा अर्थ काय समजायचा? ही युद्धाची घोषणा आहे की भेट? किरण म्हणते, भेट असेल तर गोड निघेल. अजून कापलेलं नाही. तुझ्या उत्तरावर अवलंबून आहे.

तुझा भाऊ,
चुडामण

जळगाव, ११ एप्रिल

अक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तू पोस्टकार्डच का वापरतेस ते आता कळलं. पाकीट माणूस एकटा वाचतो. कार्ड पोस्टमन वाचतो, शेजारचे नाना वाचतात, आणि मग माझ्या छापखान्यातला कंपोझिटर मला मोठ्यानं वाचून दाखवतो. यालाच उघड परराष्ट्र धोरण म्हणत असावेत.

"चुडामण, गाडीले चाकं ऱ्हातस. मूयले पाय लागतस."

एवढंच. खाली सही. वर बोधचिन्ह म्हणून हळदीचा डाग.

मी शब्दकोश काढला. म्हटलं, तुझ्याशी कायद्यानं बोलावं. मूळ, म्हणजे तुझं मूय: सासरी असलेल्या लेकीला सणासाठी आणायला गेलेलं माहेरचं माणूस. माणूस असंच लिहिलंय. चार आवृत्त्या चाळल्या, कुठेही "किंवा भाड्याची गाडी" असं नाही. हा मुद्दा मी तुला देतो.

पण मग माझाही एक मुद्दा घे. मोनालीचं लग्न सात मेला. मी तिचा एकुलता एक मामा. अंतरपाट धरला की पोरीच्या मागे मामा उभा राहतो. हे मी ठरवलेलं नाही, इंग्रज येण्याच्या आधीपासून चालू आहे. मामाला आमंत्रणाची पहिली अक्षत द्यायला पोरीच्या आईनं माहेरी यायचं असतं. तू अक्षत घेऊन आलीस का? नाही. आता स्थिती अशी आहे की मूळ आल्याशिवाय तू अक्षत देणार नाहीस, आणि अक्षत आल्याशिवाय मी मूळ म्हणून यायचं नाही, असं आमच्या मंत्रिमंडळाचं मत आहे. मंत्रिमंडळात मी एकटाच आहे. किरण विरोधी बाकावर गेली.

मी गेली सव्वीस वर्षं लोकांच्या लग्नपत्रिका छापतो. सबंध जिल्ह्यातल्या मामांची नावं माझ्या हातून गेली. आणि माझ्या सख्ख्या भाचीची पत्रिका धुळ्यात छापायला टाकली, ही बातमी मला कागदाच्या व्यापाऱ्याकडून कळावी? अक्का, याला आगळीक म्हणतात.

तू म्हणशील, धुळे ही मूळ राजधानी. म्हणशीलच, लहानपणापासून म्हणत आलीस. तुझं लग्न धुळ्यात ठरायच्याही आधी, म्हणजे तेव्हाच तुझी निष्ठा संशयास्पद होती. मान्य. १९०६ सालापर्यंत सबंध खानदेशाचा कारभार धुळ्यातून चालायचा. मग साहेबानं फाळणी केली, पूर्वेला आम्ही, पश्चिमेला तुम्ही. तेव्हापासून तुमच्याकडे सरळ रस्ते आणि आठवणी आहेत, आमच्याकडे केळी आणि सोनं. दोघांकडेही पाणी नाही. एवढ्यावर दोन राष्ट्रांनी शंभर वर्षं नाक वर करून काढली, तर आपण दोघांनी चार वर्षं काढली यात नवल काय.

मी स्वतः का आलो नाही, असं तू विचारलेलं नाहीस. तरी सांगतो. लगनसराई आहे, छापखान्यातून मान वर करायला वेळ नाही.

चुडामण

ता. क. टरबूज कापलं. गोड निघालं. याचा राजकीय अर्थ आम्ही लावलेला नाही.

जळगाव, १६ एप्रिल

अक्का,

दुसरं कार्ड आलं. "मामानं नाव छापानं का नई ते १९ ले ठरी. तवलोंग तुन्हा पायसले ईचार."

म्हणजे पत्रिकेवर माझं नाव छापायचं की नाही, ते एकोणीसला ठरणार. पायांना विचारलं. डावा म्हणाला गुडघा दुखतो. उजवा म्हणाला, डाव्याचं ऐकू नका, तो बहाणे करतो.

लगनसराईचं मी खोटं लिहिलं होतं. म्हणजे लगनसराई आहे, पण बुधवारी छापखाना बंद असतो हे तुलाही माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. गुडघ्याचंही फारसं खरं नाही. चार वर्षांत एक वर्ष करोनाच्या नावावर खपलं. बाकीच्या तीन वर्षांसाठी मी कुठलं कारण सांगितलं होतं, ते आता मलाच आठवत नाही.

काल रात्री मोनालीचा पुण्याहून फोन आला. ती आपल्या दोघांमधली गुप्त वाटाघाटी करणारी आहे हे तू जाणतेसच, उगाच तिला रागावू नकोस. ती म्हणाली, "मामा, तुला वाटतं आई चिडलीय ती तुझ्या लेखावर. आईला लेख आवडला होता. तिनं कापून ठेवलाय."

मी म्हटलं, "मग?"

ती म्हणाली, "पप्पा चौकात जात नाहीत."

आता अक्का, तू हे मला चार वर्षांत का सांगितलं नाहीस, असं विचारायचा हक्क मला नाही. पण जे मी स्वतःला सांगत आलो ते तुला सांगतो. २०१९च्या जानेवारीत आपल्या मळ्यात भरीत पार्टी झाली. दाजी आले होते. जीवराम दाजी, जन्मभर बाजार समितीत मापारी, शब्दसुद्धा काट्यावर ठेवून बोलणारा माणूस. त्यांनी दोन वेळा भरीत घेऊन खाल्लं, हात धुतले आणि म्हणाले, "आमनाकडे बी आसंच ऱ्हास. फक्त चांगलं ऱ्हास."

मळ्यात हशा पिकला. दाजीही हसले. तिथेच ते संपलं असतं. पण मी साप्ताहिकात सदर लिहितो, आणि सदर लिहिणाऱ्याला घरात मोती सापडला की तो बाजारात नेतो. मी शेजारच्या राष्ट्रावर आठशे शब्द लिहिले, खाली दाजींचं वाक्य टाकलं, आणि "जळगावचे एक जावई, धुळ्याचे निवृत्त मापारी" असं लिहिलं. नाव लिहिलं नाही. नाव न लिहिणं ही माझी सभ्यता. धुळ्यात निवृत्त मापारी आणि जळगावचा जावई असे किती निघणार, हा हिशोब माझ्या सभ्यतेनं केला नाही.

मोनाली सांगते, लेख पाचव्या दिवशी चौकात पोचला. सुकलालच्या टपरीवर. मग दाजी चहाला गेले की, "या, फक्त चांगलं!" भाजी घेताना, "फक्त चांगली देऊ ना?" कोणाच्या मयताला गेले तर तिथेही मागून कोणीतरी. चाळीस वर्षं त्या टपरीवर बसणारा माणूस उन्हाळ्यात उठून गेला आणि परत बसला नाही. आता घरीच चहा पितात, दाराकडे पाठ करून.

मी हसवतो म्हणून मला लोक पत्रं लिहितात. मला वाटत होतं तू रागावलीस, कारण तुझ्यात विनोदबुद्धी कमी. हे वाक्य मी चार वर्षं खरं धरून चाललो. सोयीचं होतं.

आणि आता खरं कारण, जे कुठल्याही लगनसराईत बसत नाही. मी येत नव्हतो, कारण दाजी दार उघडतील आणि काहीच म्हणणार नाहीत. मला तू बोललेलं चालतं. तू टरबूज पाठवतेस. त्या माणसाचं न बोलणं मला उचलता येईल असं वाटत नव्हतं.

बुधवारी, १९ला, सकाळच्या एसटीनं येतो. एकटा. पायांनी.

चुडामण

जळगाव, २२ एप्रिल, आखाजी

प्रिय मोनाली,

तू म्हणालीस, फोनवर सांग. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस आणि मीही तुझ्याबरोबर हसून मोकळा झालो असतो. म्हणून लिहितोय. तुझ्या आईला लिहायची सोय उरली नाही, ती आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि किरणशी पुरणात वेलची किती घालायची यावर भांडतेय. आवाज रस्त्यापर्यंत जातोय. दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत झाले याचा याहून चांगला पुरावा नाही. आज ईद, हनीफनं सकाळी शीरखुर्म्याचा डबा आणून दिला, तर तुझी आई त्याला म्हणाली, "आज गाडीमा कोन शे?" तो म्हणाला, "अक्का, आज फक्त दूध."

आता बुधवारचा अहवाल.

साडेदहाला तुझ्या घरी पोचलो. तुझ्या आईनं दार उघडलं, माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, गाडी नाही याची खात्री केली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. "ऊनास," म्हणाली, म्हणजे मी आलो हे मान्य केलं, आणि पाणी आणायला गेली. मागे वळली तेव्हा पदर डोळ्यांना लावला की घाम पुसला, हे तुझ्या मामानं पाहिलेलं नाही. वार्ताहर त्यावेळी चपला काढत होता.

दाजी खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "दाजी, अक्काले धाडा. मूळ म्हणून आलोय." ते म्हणाले, "बस." बसलो. ते पेपर वाचत होते. पहिलं पान, मग दुसरं, मग बाजारभाव, मग निधनवार्ता. मोनाली, मी आयुष्यात खूप लोकांना गप्प बसवलंय. पण असं बसून गप्प राहायची सजा मला पहिल्यांदाच झाली.

कोपऱ्यात पत्रिकांचे गठ्ठे होते. माझा धंदाच तो, हात गेला. कागद बरा होता, छपाई सुमार, सोनेरी शाई जरा पसरलेली. तुझं नाव, जावयांचं नाव, खाली आप्त. आणि "मामा" या शब्दापुढे माझं नाव, सबंध, गावासकट. गठ्ठ्यावर छापखान्याची चिठ्ठी होती. माल दिल्याची तारीख दोन एप्रिल. म्हणजे मी गाडी पाठवली त्याच्या आधी. एकोणीसला ठरी, पायसले ईचार, हे सगळं चाललं होतं आणि तह कोपऱ्यात छापून पडला होता.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काय? तू नई येता ते दुसरा मामा कोठून आनती?"

जेवण झालं. वरण-बट्टी होती, वर तूप. दाजींनी स्वतः तूप वाढलं. हात धुवून टोपी घातली आणि म्हणाले, "चाल, च्या पिऊत."

तुझी आई आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

आम्ही चौकात गेलो. दोनशे पावलं असतील. दाजी माझ्या पुढे चालत होते, नेहमीसारखे, हात मागे बांधून. टपरीवर चारपाच जण बसलेले. सुकलालनं मान वर केली, आणि तो काही म्हणायच्या आधीच बाकावरचा एकजण ओरडला, "आरे, फक्त चांगलं! कितला दिनमा!"

मला वाटलं होतं मी तिथे काहीतरी चांगलं वाक्य बोलेन. गाडीत दोन तास मी तेच जुळवत होतो. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे."

"काय?"

"तो लेख लिहिणारा मी. जळगावचा चुडामण. दाजी तसं काही बोललेच नव्हते. त्यांनी भरीत खाल्लं आणि छान झालं म्हणाले. त्यात विनोद नव्हता, म्हणून मी घातला. पोटासाठी."

सुकलालनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हंजे आम्ही चार वरीस चुकीना मानूसले चिडावत व्हतूत?"

"हो."

"मंग ते नाव तुन्हं शे."

"माझंच."

"मंग बस ना, फक्त चांगलं," तो म्हणाला, आणि सगळी टपरी हसली, माझ्यावर. दाजी बाकाच्या टोकाला बसले. ती त्यांची जागा असावी, कारण तिथला माणूस कोणी न सांगता सरकला. दाजींनी चहा बशीत ओतून प्याला. मग दुसरा सांगितला. कपाशीवर बोलले, कोणाच्यातरी सुनेच्या बाळंतपणावर बोलले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलेलं नाही.

परत येताना कोपऱ्यावर ते थांबले.

"तू खोटं बोलनास."

"हां, दाजी."

"मीच म्हनेल व्हतं ते."

"माहीत शे."

ते चालू लागले. वीसेक पावलांनंतर, मागे न बघता म्हणाले, "आनि आमनं खरंच चांगलं ऱ्हास."

मोनाली, हे माझ्या देशाच्या सार्वभौमत्वावर थेट आक्रमण होतं. भरीत हा आमचा अविभाज्य भाग आहे. मी म्हटलं, "हो, दाजी." हे जळगावात कोणाला कळू देऊ नकोस, माझं नागरिकत्व जाईल.

घरी आल्यावर ते तुझ्या आईला एवढंच म्हणाले, "चारनी गाडी धरा, नंतर गर्दी ऱ्हास." झाली परवानगी. तुझी आई पिशवी भरायला आत गेली. ती पिशवी तिनं आधीच भरून ठेवलेली होती, पण शिष्टाचार म्हणून पुन्हा भरली. अक्षतेची पुडी सगळ्यात वर.

एक गोष्ट आईला सांगू नकोस.

दाजी खाटेवर आडवे झाले होते, भिंतीकडे तोंड करून. पाय बाहेर. दर आखाजीला ते तुझ्या आईला न्यायला जळगावला यायचे, तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचो. थोरला जावई म्हणून आमच्याकडे तशी रीत. चार आखाज्या तशाच गेल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो, पंखा फिरत होता.

मी वाकून एकदा पायांना हात लावला. २०१९चा नमस्कार. मग करोनाच्या वर्षाचा. तिसऱ्याला त्यांचा अंगठा हलला. घोरणं मात्र चालू होतं, जरा जास्तच बेतानं. चौथ्याच्या वेळी ते पाय खाटेच्या कडेला थोडे पुढे सरकले, गुडघा दुखणाऱ्या माणसाला वाकायला सोपं जावं इतके.

गाडीला अजून वेळ होता. यंदाचाही करून टाकला.

तुझा मामा,
चुडामण